डोरा गिटन्सची वही

डोरा गिटन्स बार्बाडोसच्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर एकोणतीस वर्षं बसली. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की ती आधी आकड्याकडं बघत नसे, ट्रॅक्टरवाल्याच्या पायांकडं बघायची. मोळी नीट करायच्या निमित्तानं एक पाय काट्याच्या फळीवर टेकवून उभे राहणारे बहाद्दर आमच्यात पुष्कळ. काही जण ऊस भिजवून आणत, काही मोळीच्या पोटात दगड घालत. एकानं तर सासूला उसाखाली निजवून आणलं होतं. सासूला शिंक आली म्हणून सापडला, नाहीतर म्हातारीची साखर झाली असती.

एवढं सगळं बघितल्यावर माणसाच्या डोळ्याला जी सवय लागते ती कारखाना बंद पडला तरी जात नाही. मासेवालीनं उडते मासे दहा म्हणून दिले तर डोरा ते तिच्यासमोर पुन्हा मोजायची. रविवारी पाद्री प्रार्थनेला डोळे मिटायचा तेव्हा ही एक डोळा उघडा ठेवून बसायची, तो खरंच मिटतोय का ते बघायला. लग्न तिनं केलं नाही. दोनदा मागणी आली होती. पहिल्याला विचारलं, माझ्यातच काय बघितलंस. त्याला लगेच उत्तर सुचलं, म्हणून त्याला वाटेला लावलं. दुसऱ्याला सुचलंच नाही, म्हणून त्यालाही.

तिचा जीव जर कशावर असेल तर तो ग्रेव्ह्ज एंड क्रिकेट क्लबाच्या स्कोअरच्या वहीवर. बाप क्लबाचा स्कोअर लिहायचा. साखरेच्या दुखण्यानं त्याची नजर गेली आणि वही डोराकडं आली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता चौसष्ट. मधल्या वर्षांत क्लबानं छप्पर दोनदा बदललं, सामना हरायची रीत काही बदलली नाही आणि वहीवरची बाईही बदलली नाही.

ह्या वहीत एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुठल्या वहीत नव्हती. धावा, बळी, षटकं हे सगळं ती शाईनं लिही, सगळेच लिहितात तसं. पण प्रत्येक चेंडूच्या खुणेखाली ती टोकदार पेन्सिलीनं आणखी एक बारकी खूण करायची. चेंडू बॅटीला चकवून गेला की तिरकी रेघ. कड लागली की आकडीसारखं वळण. झेल सुटला की छोटं गोल. आणि चेंडू टप्पा पडून जमिनीलगत सरपटत गेला की आडवी रेघ. ग्रेव्ह्ज एंडच्या खेळपट्टीला खाली प्रवाळाचा खडक, वर बोटभर माती, त्यात समुद्राचा खारा वारा. तिथं दर दोन षटकांत एक तरी चेंडू सापासारखा सरपटायचा. त्यापुढं कुणाचं काही चालत नसे. बाप म्हणायचा, काय झालं ते शाईत, कसं झालं ते पेन्सिलीत. शतक ठोकून मिशीला पीळ देत आलेला गडी डोराच्या स्कोअरच्या खोलीवरून जाताना मान खाली घालायचा, कारण त्याच्या शतकाखाली चार गोलं आहेत हे दोघांनाच ठाऊक असायचं.

ह्या वहीतलं सगळ्यात स्वच्छ पान ओरेन ब्लेनमनचं. ओरेन आगीच्या बंबावर नोकरीला. वय एकतीस. सलामीला यायचा आणि बसायचा. बाहेरचा चेंडू सोडायचा म्हणजे असा सोडायचा की गोलंदाजाला वाटावं, आपण टाकलाच नाही. लोकांना त्याचा कंटाळा यायचा. तो खेळायला आला की अर्धं मैदान कथबर्टच्या रमच्या दुकानात जाऊन डॉमिनोजच्या सोंगट्या आपटत बसायचं आणि तो बाद झाल्याचं कळलं की परत यायचं. डोरा मात्र पेन्सिल हातात धरून बसायची आणि षटकामागून षटक पेन्सिलीला काही कामच मिळायचं नाही.

त्या साली आमच्या कसोटी संघाची फलंदाजी म्हणजे भिजलेली कागदी पिशवी. बूड कधी सुटेल सांगता येत नव्हतं. सकाळी रेडिओ लावून माणूस दाढीला बसला तर तोंडावरचा साबण वाळायच्या आत चार गडी परत आलेले. इंग्लंडचा संघ दौऱ्यावर होता. त्रिनिदादला आमचे सगळे मिळून एकोणसत्तर धावांत आटोपले. पुढची कसोटी ब्रिजटाऊनला, आमच्या दारात.

असं झालं की आमच्याकडं एकच विषय. बेटं पुष्कळ, संघ एक, आणि निवडायला बसणार पाच माणसं, पाच ठिकाणची. संघ जाहीर झाला की कुणी आधी सलामीला कोण ते बघत नाही, आपल्या बेटाचे किती ते मोजतं. जमैकावाल्याला वाटतं बार्बाडोसनं खाल्लं, बार्बाडोसवाल्याला वाटतं त्रिनिदादनं खाल्लं, आणि गयाना तर बेटसुद्धा नाही, तरी त्याच्यावर संशय सगळ्यांचाच. ह्या मोजणीत डोरा सगळ्यांच्या पुढं.

बुधवारी सकाळी तिचा फोन वाजला.

"मिस गिटन्स? मी रामखेलावन बोलतोय. निवड समितीतला."

नाव डोरानं पेपरात वाचलेलं होतं. गयानाचा माणूस.

"बोला."

"शनिवारी तुमच्या मैदानावर सामना आहे ना? मी येतोय बघायला. आणि जमलं तर तुमची वही बघायची आहे. ओरेन ब्लेनमनच्या ह्या हंगामातल्या खेळ्या."

"धावा पेपरात येत्यात की."

"धावा मिळाल्यात मला. तुम्ही पेन्सिलीनं काहीतरी खुणा करता म्हणे. त्या बघायच्यात."

डोरानं फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. "कोण म्हणतं?"

"कळलं कुणाकडून तरी."

"त्या कुणाला नाव असंल की."

पलीकडं माणूस हसला. "असेल. पण ते मी सांगणं बरं दिसणार नाही. शनिवारी भेटू."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनकडंच बघत उभी राहिली. नाव सांगत नाही म्हणजे काहीतरी आहे. पंचेचाळीस वर्षांत ह्या वहीला निवड समितीतलं कुत्रंसुद्धा हुंगायला आलं नव्हतं. आणि आज गयानाचा माणूस स्वतः येतो म्हणतो, ते धावा सोडून पेन्सिल बघायला.

दुपारी ती कथबर्टच्या दुकानात गेली. कथबर्ट एके काळी क्लबाचा वेगवान गोलंदाज होता. आता वेग फक्त जिभेला उरला होता. दोघं एका शाळेतले, म्हणून तो तिला अजून डोरे म्हणायचा.

"काय गं डोरे, आज बुधवारी? बाटली संपली का देव आठवला?"

"गप बस. मॉबी दे थंड." सालीच्या त्या कडू सरबताचा पेला हातात घेऊन तिनं फोनचं सांगितलं.

कथबर्टनं हातातली सोंगटी आपटायची थांबवली. "गयानाचा?"

"व्हय."

"अगं मग झालंच की. त्यांचा एक सलामीवाला हाय ना, डावखुरा, दोन वर्सं रांगेत उभा हाय. जागा एक. आपला ओरेन बाहेर काढला तर त्यांचा आत. पण काढायचा म्हंजे कारण लागतंय. टेबलावर ठेवायला कागद लागतोय."

"माझी वही?"

"तुझीच की. बाकीच्यांच्या वहीत काय असतंय? इतक्या धावा, आऊट, संपलं. तू हितं चुकला, तितं कड लागली, ह्याचा झेल सुटला, सगळं काढून ठिवलंयस. चोराला घरात बोलवून कपाटाची चावी कुठं ते दावल्यागत."

"ओरेनच्या पानावर काय न्हाई फारसं."

"फारसं न्हाई म्हंजे हाय. तेवढंच वाचून दावतील. गयानाचा माणूस तुझ्या खोलीत बसून काय ओरेनची पप्पी घ्यायला येतोय?"

डोराचा कथबर्टवरही विश्वास नव्हता. तो रममध्ये पाणी घालतो अशी तिची खात्री होती. पण तिच्या स्वभावात एक गोम होती. कुणी कुणाविषयी चांगलं सांगितलं तर ती तीनदा तपासायची, आणि वाईट सांगितलं तर एका ऐकण्यात घ्यायची. ती मॉबी अर्धी टाकून उठली.

"डुकराचं सूस ठेव शनिवारी मला," एवढंच म्हणाली.

"त्या गयानावाल्याला बी देऊ का?"

"त्याला कशाला. डुक्कर काय फुकट येतंय?"

शुक्रवारी सकाळी भांडी आवरून ती ओसरीवर बसली. समोर वही, शेजारी खोडरबर. एकदा तिनं उठून दार लावलं, मग दार लावलेलं बघून शेजारीण काय म्हणेल म्हणून परत उघडलं.

हंगामातल्या ओरेनच्या खेळ्या नऊ. चौदा, एकतीस, सहा, बावन्न, नऊ, शून्य, त्रेचाळीस, बावीस, सतरा. तिनं सगळ्या पुन्हा बघितल्या. तिरक्या रेघा नऊ डावांत मिळून अकरा. आकड्या पाच. गोल एक, सहावर असताना स्लिपमध्ये सुटलेल्या झेलाचं. एवढंच. दुसऱ्या कुणाच्या एका डावात एवढं असायचं. पण त्या अकरा रेघा गयानाच्या माणसाच्या चष्म्यातून कशा दिसतील ते तिला दिसायला लागलं, आणि दिसलं की तिचं डोकं काट्यावर चढलं.

तिनं तिरक्या रेघा पुसल्या. मग आकड्या. मग ते गोल. गोल पुसताना हात जरा अडखळला, कारण तो झेल सुटला तेव्हा ओरेन स्वतः तिच्याकडं बघून हसला होता.

आता उरल्या आडव्या रेघा. चेंडू सरपटल्याच्या. त्या पुष्कळ होत्या आणि नऊपैकी सात वेळा ओरेनच्या बळीच्या खुणेखाली होत्या. ह्या ठेवाव्यात असं तिला आधी वाटलं. मग तिनं पान लांब धरून बघितलं. बाकी सगळं साफ आणि तेवढ्या सबबी शिल्लक. काट्यावर असं कुणी केलं असतं तर तिनं लांबूनच ओळखलं असतं. भिजवलेला ऊस वरून पुसून आणला की आतला जास्त ओला दिसतो. गयानाचा माणूस काय खुळा आहे? तो म्हणेल, बाईनं गावच्या गड्याच्या चुका खाल्ल्या आणि सबबी ठेवल्या.

म्हणून तिनं त्याही पुसल्या. एकूण एक. वहीत शाई राहिली, तेवढीच. खोडरबराचा चुरा तिनं फुंकरून कोंबड्यांकडं उडवला.

शनिवारी रामखेलावन आला तो बसनं. डोराला हेही खटकलं. समितीचा माणूस गाडीनं यायचा सोडून बसनं येतो म्हणजे कुणाला कळू द्यायचं नसणार. माणूस साठीचा, उंच, पांढरी टोपी, हातात वहाणा, कारण मैदानाच्या कडेला चिखल होता. स्कोअरची खोली चार खांबांवर उभी. शिडी चढून तो वर आला आणि दारातच थांबला.

"येऊ का, मिस गिटन्स?"

"आलाच की."

तो खाली वाकून आत आला, तिच्या शेजारच्या बाकावर बसला आणि मैदान बघत राहिला. वही मागितली नाही. डोरा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं बघत होती. वही लगेच मागत नाही, म्हणजे मुरलेला आहे.

ओरेन खेळायला आला. पहिली आठ षटकं त्यानं काही केलं नाही, म्हणजे सगळं केलं. बाहेरचे सोडले, आतले अडवले. समोरून तीन गडी गेले. रामखेलावन पुढं झुकला होता, हनुवटी मुठीवर. एकदा ओरेननं एक चेंडू बॅट वर उचलून सोडला तेव्हा त्याच्या तोंडातून हलकेच "अं" असं निघालं, कुणी चांगली भाजी चाखल्यावर निघतं तसं. डोरानं तेही ऐकलं आणि तिला वाटलं, हा आता दाखवायला करतोय.

नवव्या षटकात चेंडू टप्पा पडला आणि मातीला चिकटून गेला. ओरेनची बॅट खाली आली तोवर यष्टी मोडली होती. पाच धावा.

ओरेन निघाला. कथबर्टच्या दुकानातून माणसं परत यायला लागली.

"हा सरपटला," रामखेलावन म्हणाला.

"सरपटला."

"ह्यावर कोणीच काही करू शकत नव्हतं."

"न्हवतंच."

"असं ह्या हंगामात किती वेळा झालं त्याला?"

डोराचा हात वहीवर होता, तो तिथंच राहिला. उत्तर तिला पाठ होतं. तिनं कितीही प्रयत्न केला तरी ते तोंडातून निघालंच.

"सात. नऊपैकी सात."

रामखेलावननं तिच्याकडं वळून बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"हेच पाहिजे होतं मला," तो म्हणाला. "दाखवा."

तिनं वही सरकवली. त्यानं चष्मा लावला. पानं उलटली. एक खेळी, दुसरी, तिसरी. मग परत पहिली.

"त्रिफळा, पायचीत, त्रिफळा, त्रिफळा, पायचीत," तो वाचत गेला. "हे कुणी वाचलं तर म्हणेल, ह्या माणसाला सरळ चेंडू दिसत नाही. पेन्सिल कुठं आहे?"

डोरा खाली मैदानाकडं बघायला लागली.

त्यानं पान उचलून खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पुसलेल्या खुणांच्या चरी उजेडात चमकल्या, पाऊस गेल्यावर रस्त्यावर चाकोऱ्या चमकतात तशा.

"इथं काहीतरी होतं."

"धूळ बसली हुती. पुसली."

"मिस गिटन्स."

"पुसलं मी," ती म्हणाली. "काल."

"का?"

"तुमी गयानाचे. तुमचा सलामीवाला रांगेत हाय. ह्याच्या चुका न्यायला आला असं वाटलं."

रामखेलावननं वही मिटली नाही. ती मांडीवर तशीच उघडी ठेवली. खाली मैदानात कुणीतरी पंचाला आंधळा म्हणत होतं.

"आमचा पोरगा अजून कच्चा आहे," तो म्हणाला. "मी त्याचं नाव घेणार नाही हे मी आधीच सांगितलंय सगळ्यांना. समितीत पाच जण. दोघं ब्लेनमनच्या बाजूचे, दोघं अँटिग्वाच्या त्या तडाखेबाज मुलाच्या. पाचवा मी. मला हा माणूस पाहिजे. एकोणसत्तर धावांत आटोपणाऱ्या संघाला सकाळचे दोन तास उभा राहणारा माणूस पाहिजे. पण पाचव्या मताला कारण दाखवावं लागतं, आणि त्याची सरासरी एकवीस. ती मी टेबलावर ठेवली तर हसतील. त्या एकवीसच्या खाली काय आहे ते दाखवायला कागद पाहिजे होता."

"मी सांगते की. मला एकेक बॉल ध्यानात हाय. विचारा."

"मला खरं वाटेल. मी टेबलावर काय ठेवू, तुमचा आवाज?"

"गेल्या सालची वही हाय. त्याच्या आदल्या सालची हाय. त्याच्या तेरा वर्सांच्या हाईत, घरात, एकाबी पानावर हात लावलेला न्हाई. आत्ता आणते."

रामखेलावननं चष्मा काढला. "एका वहीवर खोडरबर फिरलेलं आहे. तुमच्याकडंच कुणी अशी वही आणली असती, आणि म्हणालं असतं बाकीच्या खऱ्या आहेत, तर तुम्ही काय केलं असतं?"

डोरानं काय केलं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. ट्रॅक्टर मागं फिरवला असता.

"मी निघालो तेव्हा समितीतला एक जण मला म्हणाला होता," तो उठता उठता बोलला, "ती बाई गावच्या माणसासाठी वही फिरवेल. मी त्याला म्हटलं, तसली नाही ती. तिच्या हाताखालून गेलेल्या माणसानंच मला लिहून कळवलंय, की मला वगळायचं तर वगळा, पण आधी मिस गिटन्सची वही बघा."

"कुणी लिवलं?"

"ब्लेनमननं. तुम्हाला सांगू नका म्हणाला. सांगितलं तर तुम्हाला वाटेल वशिला लावतोय, आणि तुम्ही चिडून आणखी दोन रेघा जास्त माराल."

तो शिडी उतरून गेला. जाताना कथबर्टच्या दुकानात थांबला नाही. डोरानं उरलेला सामना लिहिला, कारण तो लिहायचाच होता. कथबर्ट सूसचं ताट घेऊन वर आला, लिंबात मुरलेलं डुक्कर आणि वर रताळ्याचं पुडिंग.

"घालवला का त्याला?"

"घालवला," डोरा म्हणाली. ताटाला तिनं हात लावला नाही. कथबर्टनं थोडा वेळ वाट बघितली आणि तिच्यासमोर उभ्यानंच ते खाऊन टाकलं.

सोमवारी दुपारी रेडिओवर संघ जाहीर झाला. सलामीला अँटिग्वाचा. वय बावीस. निवेदक म्हणाला, निर्भय खेळतो. डोरानं नावं शेवटपर्यंत ऐकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं बार्बाडोसचे किती ते मोजलं नाही. कथबर्टचा फोन आला, "बघ, मी म्हणालो न्हवतो?" आणि तिनं तो मधेच ठेवला. गयानाचा एकही सलामीवाला त्या यादीत नव्हता, पण कथबर्टला तेवढ्यानं काही फरक पडणार नव्हता. तिलाही चार दिवसांपूर्वी पडला नसता.

ती बसनं पाच मैलांवरच्या आगीच्या बंबाच्या ठाण्यावर गेली. ओरेन बंब धूत होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात नळी. तिला बघून त्यानं पाणी बंद केलं.

"मिस डोरा, आग लागली का कुठं?"

"संघ ऐकलास?"

"ऐकला." त्यानं कपाळ पुसलं. "चालायचंच. एकतीसला कोण घेतंय. तुमी एवढ्यासाठी आलाव?"

"तू त्यास्नी पत्र लिवलं हुतंस."

ओरेन जरा वरमला. "सांगितलं का त्यांनी? मी म्हणलं हुतं नका सांगू."

"वही पुसली मी," डोरा म्हणाली. उभ्याउभ्याच म्हणाली, बसायला त्यानं डबा पुढं केला होता तरी. "शुक्रवारी. तुझ्या नऊच्या नऊ खेळ्या. त्यो तुझ्या चुका न्यायला आला असं मला वाटलं. सगळं पुसलं. सरपटलेलं बी."

 बंबाच्या चाकावरून पाणी ठिबकत होतं.

"सरपटलेलं कशाला?"

"तेवढंच ठेवलं असतं तर संशय आला असता."

तो हसला, पण ते हसणं तिला लागलं. "मी तुमाला त्या स्लिपमधल्या झेलाचं गोल वहीत लिवू नका म्हणून किती विनवलं हुतं. चहा पाजला हुता. लिवलंतच तुमी."

"व्हय."

"मला वाटलं, जगात सगळं फिरंल, ही बाई फिरायची न्हाई. म्हणून तर लिवलं." त्यानं नळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यो घेणार हुता मला?"

"म्हणाला तसं. पाचवं मत त्याचं हुतं म्हणाला."

"म्हणाला. म्हणाय काय जातंय. तुमास्नी काय वाटतं?"

डोरा बंबाच्या चाकाकडं बघत राहिली.

"मिस डोरा, गयानाचाच त्यो," ओरेन म्हणाला. आता तो तिच्याकडं बघत नव्हता. "खोटं बोलला असंल. न्हाईतरी घेणार न्हवता. वही असती तरी काहीतरी काढलं असतं. तुमी तसं म्हणा. तुमी म्हणलाव तर मला पटंल. तुमच्याएवढी माणसं वळखणारं दुसरं कोण हाय?"

उभ्या जन्मात डोराला कुणाविषयी वाईट बोलायला जड गेलं नव्हतं. आत्ता दोन शब्द बोलायचे होते, समोरचा माणूस ते मागत होता, आणि ते बोलले असते तर दोघांचंही भागलं असतं. तिनं तोंड उघडलं. तिला तो माणूस दिसला, हनुवटी मुठीवर ठेवलेला, आणि सोडलेल्या चेंडूला त्याच्या तोंडून निघालेलं ते "अं" ऐकू आलं.

"न्हाई, ओरेन," ती म्हणाली. "खरं बोलत हुता."

ओरेननं मान हलवली. दोनदा हलवली. मग नळीचं तोंड पुढच्या चाकाकडं वळवलं.

"सरका थोडं," तो म्हणाला. "पाय भिजतील."

ती सरकली. त्यानं पाणी सोडलं आणि चाकाच्या आतला चिखल बोटानं खरवडून काढायला लागला, एकेक खाच, सावकाश, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं. परतीची बस यायला अजून अर्धा तास होता. डोरा भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यानं तिला जा म्हटलं नाही, बसा म्हणूनही म्हटलं नाही.